दिवसाच्या गोळ्या आणि रात्रीचं ओलित

पूर्व विदर्भात हत्तीरोगाचं पथक रक्त तपासायला येतं ते रात्री. जेवणं आटोपली, गाव आडवं व्हायला लागलं की कर्मचारी बॅटरी घेऊन घरोघर फिरतात, निजलेल्याला उठवतात, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंब घेतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी हे पाहिलं आहे. दिवसा येऊन भागत नाही, कारण हत्तीरोगाच्या जंतांची सूक्ष्म पिल्लं दिवसभर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि मध्यरात्रीच्या आसपास कातडीजवळच्या रक्तात उतरतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तोही रात्रीच. पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने १८७० च्या दशकात चीनमधल्या अमॉय बंदरात हे ओळखलं, आणि पुढे रात्री रक्त घेण्याची पद्धत रूढ झाली.

एका जंताची वेळ सांभाळायला सरकारी खात्याने आपल्या कामाची वेळ बदलली, माणसं रात्री गावात पाठवली. योग्यच केलं. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. ज्याच्या रक्तात तो जंत आहे त्या माणसाच्या शरीरालाही वेळ असते, आणि बीपीची, शुगरची, दम्याची औषधं लिहून देताना ती वेळ आपल्याकडे कोणी विचारत नाही. चिठ्ठीवर १-०-१ लिहिलं जातं, दुकानदार ‘सकाळी एक, रात्री एक’ सांगतो आणि विषय संपतो. तालुक्याच्या गावी माझं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे हे वाक्य मी रोज उच्चारतो. त्यातली सकाळ आणि रात्र विदर्भातल्या शेतकऱ्याची नसते. जोवर ती त्याची होत नाही, तोवर औषधांच्या वेळेचं नवं शास्त्र इथं पोचलं तरी त्याचा उपयोग होणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

शरीराच्या घड्याळाचा विचार तसा जुना आहे. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं रोजच्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. उजेड दिसत नसताना रोपाला वेळ कळते, म्हणजे घड्याळ आतच कुठेतरी असलं पाहिजे. ते पेशीच्या आत कसं चालतं हे फळमाशीवर काम करून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाचं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, सुमारे वीस हजार पेशींच्या एका पुंजक्यात असतं आणि डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर ते रोज जुळवून घेतं. यकृत, आतडी, हृदय यांची आपापली घड्याळं आहेत. त्यातली काही उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेचं जास्त ऐकतात.

म्हणून रोगांनाही वेळा असतात. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक पहाटे चढायला लागतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास अगदी खाली असतं. झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्के उतरतो, जाग येताना चढतो. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त येतात हे १९८५ पासून नोंदलेलं आहे. दम्याचा माणूस पहाटे तीन-चारला उठून बसतो. आमवात झालेल्या बाईची बोटं सकाळी वळत नाहीत, चुलीवरचा तवा उचलताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि दहा-अकरा वाजेतो तीच बोटं बरीच मोकळी होतात.

आमवाताचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण वेळ साधून सुटणाऱ्या गोळीची खरी करामत तिथे दिसते. त्या आजारात सूज वाढवणारी रसायनं रक्तात वाढतात ती मध्यरात्रीनंतर. सकाळी आठला स्टेरॉइडची गोळी घेतली तर तोवर सांधे आखडून झालेले असतात. औषध पोटात हवं रात्री दोनला, पण त्यासाठी दोनला उठणार कोण? मग प्रेडनिसोन या स्टेरॉइडची अशी गोळी तयार झाली की तिच्या गाभ्यात औषध आणि भोवती औषध नसलेलं जाड कवच. रात्री दहाच्या सुमारास जेवणानंतर घ्यायची. पोटातलं पाणी कवचात मुरत जातं आणि साधारण चार तासांनी ते उकलतं. रोग्याची झोप मोडत नाही आणि औषध वेळेवर हजर होतं. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २८८ रुग्णांवरचा अभ्यास आला. बारा आठवड्यांनी या गोळीवरच्या रुग्णांचा सकाळचा आखडलेपणा सरासरी २३ टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता. तेच औषध नेहमीच्या गोळीतून सकाळी घेणाऱ्यांत जवळजवळ काहीच फरक नव्हता. औषध तेच होतं, बदलली होती फक्त ते सुटण्याची वेळ.

गोळीच्या आत असं काय काय असतं हे रुग्णाला सांगितलं तर तो मन लावून ऐकतो, हा माझा अनुभव आहे. काही गोळ्यांवर आम्लात न विरघळणारा लेप असतो. घरोघरी असणारी पित्तावरची पँटोप्राझोल त्यातलीच, जठर ओलांडून आतड्यात गेल्यावर ती फुटते. काहींत पाण्याने फुगणारा डिंकासारखा थर असतो आणि औषध त्यातून झिरपत राहतं. आणि एक प्रकार असा, की गोळीच्या पापुद्र्याला लेझरने बारीक भोक पाडलेलं असतं. आत पाणी शिरतं, फुगणारा थर औषधाला ढकलतो आणि ते त्या भोकातून तासन् तास बाहेर येत राहतं. सगळं औषध निघून गेलं तरी टरफल तसंच राहतं आणि शौचातून पडतं. ते पाहून घाबरलेली माणसं दुकानात येतात, ‘गोळी जशीच्या तशी पडली, अंगी लागलीच नाही’ म्हणतात, आणि काही जण तेवढ्यावरून औषध सोडून देतात. गोळी देताना दोन वाक्यं सांगितली असती तर हे झालं नसतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्याच रोगांवर अशा गोळ्या आणा. माझं मत तसं नाही. रक्तदाबाच्या बाबतीत तर मी उलट बाजूला उभा आहे. रात्री घ्यायची आणि पहाटेच्या चढावर नेमकी सुटणारी व्हेरापॅमिलची गोळी मोठ्या आशेने बाजारात आली होती. सोळा हजारांहून जास्त रुग्णांवर तिची चाचणी सुरू झाली, प्रायोजक कंपनीने ती मुदतीआधीच थांबवली आणि २००३ मध्ये निकाल आला तेव्हा जुन्या, स्वस्त औषधांपेक्षा ती सरस असल्याचं काही दिसलं नाही. सकाळच्या झटक्यांतही फरक नव्हता. पुढे २०१९ मध्ये स्पेनमधून एक अभ्यास आला: बीपीची औषधं झोपताना घेतली तर हृदयविकार आणि पक्षाघात जवळपास निम्म्यावर येतात. वर्तमानपत्रांनी ते ठळक छापलं, त्याची कात्रणं घेऊन लोक दुकानात आले. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर जाणकारांनी गंभीर शंका घेतल्या, आणि २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या २१,१०४ रुग्णांच्या ‘टाइम’ नावाच्या चाचणीने पाच वर्षांहून जास्त काळ पाहून सांगितलं की सकाळी घ्या की संध्याकाळी, धोक्यात फरक पडत नाही. ज्या वेळी आठवणीने घेतली जाईल ती वेळ चांगली.

आपल्यासाठी ही फार चांगली बातमी आहे. सरकारी दवाखान्यात मिळणारी बीपीची गोळी ॲम्लोडिपिन रक्तात निम्मी व्हायलाच तीस ते पन्नास तास घेते, त्यामुळे एक गोळी चोवीस तास पुरते आणि चार-सहा तास इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली तेव्हा दर सात मृत्यूंमागे साधारण एक पक्षाघाताने झालेला निघाला, इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. ज्या गावांची ही स्थिती आहे तिथे बीपीसाठी महागडी घड्याळाची गोळी विकणं मला अनैतिक वाटतं. तिथे साधी गोळी अखंड मिळाली पाहिजे, महिन्याच्या महिन्याला, साठा संपल्याचं कारण न देता.

मग वेळेचा आग्रह कुठे धरायचा? जिथे औषध अन्नाशी, कष्टाशी आणि झोपेशी बांधलेलं आहे तिथे. आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपल्याकडचा दिवस पुस्तकातल्या दिवसापासून फार दूर गेलेला आहे.

या शास्त्रातल्या बहुतेक चाचण्या ज्यांच्यावर झाल्या ती माणसं रात्री दहा-अकराला अंथरुणावर पडतात आणि सकाळी उठून न्याहारी करतात. आता हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या दिवसांत आपल्या गावात या. शेतीपंपांची थ्री-फेज लाईन पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस जेवून दहा-अकराला ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, वावरात जातो, मोटर सुरू करतो आणि बारे मोडत, पाणी वळवत पहाटेपर्यंत चिखलात उभा राहतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांना ऐन उन्हाळ्यात हेच. ज्यांना ओलित नाही त्यांना जागल आहे. सोयाबीन, तूर, हरभरा काहीही असो, रोही (नीलगाई) आणि रानडुकरं एका रात्रीत मेहनत मातीत घालतात, म्हणून मचाणावर बसून डबे वाजवत रात्र काढावी लागते. पाळी बदलली की पुन्हा दिवसाचं काम. कारखान्यातल्या रात्रपाळीचे शरीरावर होणारे परिणाम जगाने मान्य केले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवलं. कारखान्यातल्या कामगाराची रात्रपाळी निदान हजेरीपटावर असते. शेतकऱ्याची रात्रपाळी कुठल्याच कागदावर नाही, त्याच्या केसपेपरवर तर नाहीच.

याचा अर्थ काय होतो ते एका औषधावरून सांगतो. सरकारी दवाखान्यांत मधुमेहासाठी बहुधा ३०/७० चं मिश्र इन्सुलिन मिळतं. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं. त्यातला ३० टक्के भाग त्या जेवणातली साखर सांभाळतो. उरलेला ७० टक्के संथ भाग टोचल्यापासून चार ते दहा तासांच्या दरम्यान सर्वाधिक काम करतो. संध्याकाळी सातला टोचलं तर त्याचा जोर रात्री अकरा ते पहाटे पाच. झोपलेल्या माणसासाठी हे गणित बसवलेलं आहे. आता तोच माणूस त्याच वेळेत फावडं घेऊन दांड फोडतोय, स्नायू साखर ओढून घेताहेत, साडेसातला खाल्लेली दीड भाकर केव्हाच जिरली आहे, आणि वरून इन्सुलिन ऐन भरात आहे. रक्तातली साखर कोसळते. हातपाय कापतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. जवळ कोणी नसतं. विहिरीचा काठ असतो, स्टार्टरची पेटी असते, ओल्या बांधावर साप असतो. सकाळी घरी आणल्यावर आजूबाजूचे म्हणतात, बाहेरचं लागलं. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही असं होऊ शकतं.

माझ्या ओळखीचे एक काका, साठी ओलांडलेले, यावर साधा उपाय करत होते. ओलिताची रात्र असली की ते संध्याकाळचं इन्सुलिनच टाळायचे. कोणी सांगितलं नव्हतं, दोनदा शेतात चक्कर आल्यावर त्यांनी स्वतःच ठरवलं. महिन्याच्या तपासणीत शुगर वाढलेली निघायची आणि दवाखान्यात डोस वाढवून मिळायचा. वाढलेल्या डोसाने पुढची चक्कर आणखी जोराची. एकदा मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘लाईन रातच्याले येते भाऊ, मंग सुई घेऊन मी वावरात पडू का? पन हे डॉक्टरसाहेबाले कसं सांगाचं, ते म्हनतीन ऐकतच नाही.’’ त्या दवाखान्यात त्यांना कोणी वाईट वागवलं नव्हतं. रात्री तुम्ही काय करता, एवढा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडून निघाला नाही.

डोस स्वतःच्या मनाने टाळणं धोक्याचंच आहे, आणि काकांनाही मी तेच सांगितलं. पण ओलिताच्या रात्रींसाठी वेगळा डोस, मध्यरात्री खायला ठेवलेली अर्धी भाकर, खिशात गुळाचा खडा, किंवा साखर एकदम न पाडणारी दुसरी औषधं, हे सगळं डॉक्टरला ठरवून देता येतं. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्या मधुमेही रुग्णांना औषधांच्या वेळा आणि प्रमाण बदलून दिलं जातं, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आहेत. म्हणजे जेवणाची आणि झोपेची वेळ बदलली तर औषध कसं बदलायचं, हे वैद्यकाला येतं. ते ज्ञान महावितरणच्या वेळापत्रकाला लावायचं आहे, इतकंच.

बायकांची गोष्ट वेगळी आणि तिच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. झोप मोडू नये म्हणून ती सकाळी घ्यायला सांगतात. कागदावर बरोबर आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत ती बाई चारला उठते, स्वयंपाक, पाणी, धुणं उरकून आठच्या आत ऑटोत किंवा ट्रॅक्टरमध्ये बसते आणि संध्याकाळपर्यंत पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत असते. दहा-वीस बायका, मुकादम, ट्रॅक्टरवाला, आणि आडोसा कुठेच नाही. सकाळची गोळी नेमकी तिथे काम करायला लागते. मग ती गोळी घेत नाही, किंवा घेते आणि दिवसभर पाणी पीत नाही. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा असं कोरडं राहणं जिवावर बेतू शकतं. महिन्यानंतर बीपी वाढलेलं दिसतं आणि कार्डावर शेरा पडतो: औषध नियमित घेत नाही. तिची गोळी संध्याकाळी घरी आल्याबरोबर घेण्याची करता येईल का, की दुसरं औषध द्यावं, हे दोन मिनिटांत ठरणारं काम आहे. पण त्यासाठी ती वेचणीला जाते हे माहीत पाहिजे, आणि तिने हे पुरुष डॉक्टरपुढे बोलावं अशी अपेक्षा धरून चालणार नाही.

आमच्या धंद्याचाही यात वाटा आहे, तो सांगितलाच पाहिजे. मजुरी रोजची, म्हणून औषधही दोन-दोन दिवसांचं घेतलं जातं. पट्टीतून चार गोळ्या कापून कागदाच्या पुडीत दिल्या की नाव, मुदत, एसआर, ईआर, सीआर ही औषध हळूहळू सुटतं असं सांगणारी अक्षरं सगळी उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहतात. घरी म्हाताऱ्या मायला गोळी गिळवत नाही म्हणून सून ती पाट्यावर ठेचून पाण्यात देते. साध्या गोळीला ते चालतं. चोवीस तास पुरावं म्हणून भरलेलं औषध ठेचलं तर दिवसभराचं सगळं एका तासात अंगात उतरतं. निफेडिपिनसारख्या बीपीच्या औषधाने रक्तदाब असा कोसळू शकतो की माणूस उठत नाही. काही एसआर गोळ्या, जसं मेटोप्रोलॉल सक्सिनेट, मधल्या रेघेवर मोडता येतात, पण ठेचता त्याही येत नाहीत. हे पट्टीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात छापलेलं नसतं. छापणं सक्तीचं करायला कोणाची हरकत असावी? आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ठेचण्यावर फुली मारलेलं चित्र.

सांधेदुखीवर गावोगाव दिल्या जाणाऱ्या बिननावाच्या रंगीत पुड्यांबद्दलही इथेच बोलतो. त्यांत अनेकदा स्टेरॉइड असतं. पहिल्या आठवड्यात जादू झाल्यासारखं वाटतं, वर्षभरात तोंड सुजतं, हाडं पोकळ होतात, शुगर चढते. स्टेरॉइड साध्या गोळीतून घ्यायचं असेल तर ते सकाळी देतात, कारण तेव्हा शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही चढतं असतं आणि बाहेरून आलेल्या औषधाने ते बनवणाऱ्या ग्रंथी कमीत कमी दबतात. पुडीवाला सांगतो, दुखलं की घ्या. एकीकडे युरोपात रात्री दोनला सुटणाऱ्या कवचावर वर्षानुवर्षं संशोधन होतं, दुसरीकडे तेच औषध आमच्या बायांना कोणत्याही वेळी, कोणत्याही मापाने मिळतं. आमवाताचं निदान वेळेत करणारा डॉक्टर तालुक्याला आठवड्यातून एकदा जरी बसला तरी या पुड्यांचं दुकान निम्मं बंद होईल.

माझ्या या म्हणण्यावर डॉक्टरमंडळींचा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो खोटा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी एवढी गर्दी असते की माणसाला डोळे भरून पाहायलाही वेळ नसतो. झोपता कधी, जेवता कधी, ओलिताला जाता का, हे विचारत बसलो तर बाहेरची रांग दुपारपर्यंत संपणार नाही. खरं आहे. म्हणून हा प्रश्न डॉक्टरवर टाकू नये. बीपी-शुगरच्या तपासणीसाठी तिशीवरच्या प्रत्येकाची माहिती घ्यायला आशाताई घरोघर जातातच, त्यांच्या हातात फॉर्म असतोच. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. तंबाखू खाता का, दारू पिता का, हे त्या फॉर्मवर विचारलं जातं. त्याच फॉर्मवर एक ओळ वाढवायची: रात्री ओलिताला किंवा जागलीला जाता का, वेचणीला जाता का, मुख्य जेवणं किती वाजता. आशाताई त्याच गावच्या असतात, कोणाच्या मोटरची पाळी कधी आहे हे त्यांना विचारावंही लागत नाही. वेचणीला जाणाऱ्या बायांशी पराटीतल्या अडचणीबद्दल मोकळेपणाने बोलू शकतील अशाही त्याच आहेत. अर्थात एवढं काम वाढवायचं तर त्यांचा मोबदलाही वाढला पाहिजे. फुकटात कामं लादण्याची सवय आता सोडावी.

दुसरा आक्षेप असा, की इथे साधी औषधं मिळत नाहीत आणि तुम्ही शरीराच्या घड्याळाच्या गोष्टी करता. यात मला एक जुनी खोड दिसते. नवं शास्त्र शहरासाठी आणि गावाला कामचलाऊ, असं आपण मनात धरून चालतो. पण घड्याळाचं शास्त्र म्हणजे महागडी गोळीच, असं कोणी ठरवलं? चांगल्या औषधाला योग्य वेळ मिळवून देणं हे त्यातलं मोठं काम आहे, आणि वेळ बदलायला पैसा लागत नाही. वेळ साधून सुटणारी गोळी ही झोपेतून उठता न येणाऱ्या माणसासाठी केलेली सोय आहे. आमचा माणूस रात्री दोनला जागाच असतो. त्याच्या शरीरात तेव्हा काय चालतं, त्याचा रक्तदाब रात्री उतरतो की नाही, आठवड्याला बदलणाऱ्या पाळीत त्याची साखर कशी वागते, हे मोजणारा अभ्यास त्याच्यावरच झाला पाहिजे. सेवाग्रामला १९६९ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियात सरकारी महाविद्यालयं आहेत. दंडाला बांधून चोवीस तास रक्तदाब मोजणारं यंत्र आता फार दुर्मीळ राहिलेलं नाही. ते ओलिताच्या रात्री शेतकऱ्याच्या दंडाला बांधून काय दिसतं ते पाहणं, हा एखाद्या एमडीच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा विषय का होऊ नये? हे काम लंडन किंवा बर्लिनमध्ये कोणी करून देणार नाही.

आणि मुळावरचा इलाज तर सगळ्यांना माहीत आहे. शेतीला दिवसा वीज. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये त्यासाठीच आली, तिच्या कामाला पुढे वेगही आला, पण गावागावांत अजून रात्रीच्या पाळ्या आहेत. या मागणीची चर्चा आजवर पीक, साप आणि थंडी यांच्यावरून झाली. तिच्यात मधुमेह आणि रक्तदाबही मोजला पाहिजे. ज्या माणसाचं मेंदूतलं घड्याळ एका आठवड्याला एकीकडे आणि दुसऱ्या आठवड्याला दुसरीकडे ओढलं जातं, त्याला कुठलीही गोळी पुरी पडणार नाही. आरोग्य खात्याने ऊर्जा खात्याला लेखी कळवावं असा हा विषय आहे, आणि कोणत्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आधी दिवसा वीज द्यायची हे ठरवताना आरोग्याचाही विचार व्हावा.

तोवर थांबून राहायची गरज नाही. रब्बीचं पहिलं पाणी नोव्हेंबरात सुटतं. त्याआधी ऑक्टोबरात प्रत्येक उपकेंद्राने आशांकडून एक यादी करून घ्यावी: गावात इन्सुलिनवर किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्यांवर कोण आहे आणि त्यातलं कोण रात्री ओलिताला जातं. त्या गावच्या फीडरचं महावितरणचं वेळापत्रक त्याच यादीला टाचावं. एका सामान्य गावात अशी माणसं मोजकीच निघतील. त्यांना एकदा बोलवावं, घरच्यांसह, आणि रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात सुई किती, कधी, सोबत खायला काय आणि चक्कर आली तर काय करायचं हे त्यांच्या कार्डावर मराठीत लिहून द्यावं. या कामाला ना नवी गोळी लागते, ना मुंबईहून मंजुरी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या एका पत्राने ते या हंगामात सुरू होऊ शकतं.